कुत्री व्यायला आली: शेवटच्या दिवसांत काय पाहायचं

कुत्रीचे दिवस 63 असं सगळेच सांगतात, पण तो हिशोब बीज सुटल्यापासूनचा आहे. नराचं वीर्य तिच्या पोटात पाच-सहा दिवस जिवंत राहू शकतं. म्हणून मेटिंगच्या तारखेपासून मोजलं तर 58 ते 68 यांतला कोणताही दिवस उजाडू शकतो. कॅलेंडरवरच्या गोलावर विसंबू नका, थर्मामीटरवर विसंबा.

55व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी ताप मोजा. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून ते गुदद्वारात इंचभर आत सरकवायचं आणि बीप वाजेपर्यंत शेपटीजवळ हात ठेवून तिला शांत धरायचं. एरवी ताप 101 ते 102.5 फॅरनहाइट असतो. तो 99च्या खाली उतरला की बहुधा 24 तासांत कळा सुरू होतात. ही घसरण काही तासच टिकते, त्यामुळे दिवसातून एकदाच मोजणाऱ्यांच्या हातून ती निसटते. सडांत दूध आलं म्हणजे वेळ झाली असं समजू नका. दूध कधी आठवडाभर आधी येतं, कधी त्याच दिवशी.

55व्या दिवसानंतर एक्स-रे काढून घ्या. तोवर पिल्लांची हाडं पक्की झालेली असतात आणि ती मोजता येतात. आकडा ठाऊक नसेल तर रात्री दोन वाजता ‘सगळी झाली की एक आत आहे’ हे कोण सांगणार? रात्री फोन उचलणारा पशुवैद्यक कोण आहे, तेही त्याच आठवड्यात विचारून ठेवा.

जागा आठवडाभर आधी द्या. तिला पाय पसरून आडवं होता येईल आणि शिवाय फूटभर जागा उरेल असं खोकं घ्या. आतल्या भिंतींना जमिनीपासून चार इंचांवर एक पट्टी ठोका. आई भिंतीला टेकली तरी त्या पट्टीखाली पिल्लाला जागा उरते, ते चिरडत नाही. खाली वर्तमानपत्रांचे थर आणि वर जुने टॉवेल. गोधडी नको, तिच्या घडीत पिल्लू हरवतं.

सुरुवातीच्या कळांत ती धापा टाकते, थरथरते, खाणं सोडते आणि अंथरूण उकरत बसते. हे 6 ते 12 तास चालतं, पहिलटकरणीत 24 तासही. या वेळी तिच्या ओळखीचं एकच माणूस जवळ असावं. शेजारपाजाऱ्यांची गर्दी झाली की बावरलेल्या कुत्रीच्या कळा थांबतात.

जोर सुरू झाला की वही घ्या आणि वेळ लिहा, कारण इथे अंदाज फसतो. सलग अर्धा तास जोर काढूनही पिल्लू आलं नाही, पिल्लं बाकी असताना दोन तास काहीच झालं नाही, किंवा ताप उतरून 24 तास गेले तरी कळा नाहीत, तर लगेच फोन करा. पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवा-काळा स्राव दिसला तर थांबूच नका: वार (पिल्लाला आईकडून प्राणवायू पुरवणारा प्लॅसेंटा) सुटली आहे आणि आतल्या पिल्लाचा प्राणवायू तुटतो आहे. पहिलं पिल्लू झाल्यावर तोच रंग दिसला तर घाबरायचं कारण नाही. पिल्लू मागच्या पायांकडून आलं तरी नाही, तसं बऱ्याचदा होतं.

कळा वाढवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन घरी कधीही देऊ नका. पिल्लू आडवं अडकलेलं असेल तर गर्भाशय फाटू शकतं.

पिल्लू पातळ पिशवीत येतं. आई ती दातांनी फाडते आणि इतकं चाटते की पिल्लू लोळून जातं. त्या चाटण्यानेच ते श्वास घेऊ लागतं, म्हणून मध्ये हात घालू नका. मिनिटभरात तिने पिशवी फाडली नाही तर तुम्ही नाकापाशी फाडा, तोंड पुसा, डोकं किंचित खाली धरून कोरड्या टॉवेलने पाठ घासा. झोके देऊन झटकू नका, मेंदूला इजा होते. नाळ पोटापासून इंचभर अंतरावर उकळलेल्या दोऱ्याने बांधा, त्यापुढे कापा आणि टोक पोव्हिडोन-आयोडीनमध्ये बुडवा. वारही मोजा. एक-दोन तिने खाल्ल्या तर चालतं, जास्त झाल्या की जुलाब होतात.

पहिल्या 12 तासांत प्रत्येक पिल्लाला चीक, म्हणजे आईचं पहिलं दूध, मिळायलाच हवा. पण गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, मग दूध, कारण गारठलेलं पोट दूध पचवत नाही. पहिल्या आठवड्यात खोक्यात 30 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब ठेवा. वीज गेली तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची.

आणि कॅल्शियम. दूध भरपूर यावं म्हणून अनेक घरांत गाभणपणीच सिरप सुरू करतात. त्याने तिचं शरीर हाडांतून कॅल्शियम काढायचं विसरतं आणि व्याल्यावर दोन-चार आठवड्यांत, दूध सर्वात जास्त असताना, ते रक्तात कमी पडतं. ती ताठ चालू लागली, थरथरली, विनाकारण धापा टाकू लागली तर पिल्लं तिच्यापासून बाजूला करा आणि तासाभरात दवाखाना गाठा. तिथे शिरेतून हळूहळू कॅल्शियम द्यावं लागतं.