अफूवर्गीय वेदनाशामके कमी करताना या चुका टाळा

जुनाट दुखण्यासाठी ट्रामाडॉल, टेपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन किंवा ऑक्सिकोडोन यांपैकी एखादे औषध काही आठवडे नियमित घेतले, की शरीर त्याला सरावते आणि मात्रा घटली की कुरकुर करू लागते. याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसनात औषधाची अनावर ओढ असते आणि नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही. सरावलेले शरीर मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे काटेकोरपणे गोळ्या घेणाऱ्यालाही त्रास देतेच. हा फरक सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे, की अपराधी वाटणारा माणूस घाई करतो आणि पुढच्या बहुतेक चुका त्या घाईतून होतात.

वाढलेले दुखणे म्हणजे मूळ आजार बळावला, असे धरून चालणे

माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. अफूवर्गीय औषध मेंदूतील, शरीराला सतर्क ठेवणाऱ्या रसायनाला, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनालिनला दाबून ठेवते. औषध घटले की हा दाब एकदम सुटतो, नाक-डोळे वाहू लागतात, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, घाम फुटतो, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात आणि झोप उडते. त्याच वेळी वेदना जाणवण्याची यंत्रणाही काही काळ अतिसंवेदनशील होते, त्यामुळे एरवी सहन होणारी कळ असह्य वाटते. रुग्ण यावरून ‘गोळीशिवाय माझे चालणारच नाही’ असा निष्कर्ष काढतो. वास्तविक ती कळ मात्रा घटल्याची असू शकते आणि ती ओसरणारी असते.

माझ्या आईचे दुखणे कमरेतून निघून डाव्या पायात उतरणारे होते. मात्रा कमी केल्यावर दुसऱ्या रात्री तिने जे सांगितले ते वेगळेच होते: दोन्ही पोटऱ्या आतून पिळवटल्यासारख्या होत होत्या, पाय एका जागी ठरत नव्हते, मनगटेही ठणकत होती आणि रुमाल सतत नाकाशी होता. जुने दुखणे आपली वाट सहसा सोडत नाही. सगळे अंग मोडून येत असेल, सोबत जांभया आणि वाहते नाक असेल, आणि हे सारे मात्रा घटल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत सुरू झाले असेल, तर बोट औषधाकडे दाखवावे. कमी काळ टिकणाऱ्या औषधांचा त्रास शेवटच्या मात्रेनंतर साधारण ८ ते २४ तासांत सुरू होतो आणि ४ ते १० दिवसांत बराचसा निवळतो. मेथाडोनसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाचा त्रास उशिरा सुरू होऊन १० ते २० दिवस रेंगाळू शकतो. झोप आणि मन:स्थिती पूर्वपदावर यायला मात्र याहून अधिक वेळ लागतो.

यासाठी वहीत रोज चार गोष्टी टिपाव्यात: घेतलेली मात्रा व तिची वेळ, दुखण्याची जागा, त्याची तीव्रता आणि सोबतची लक्षणे. तरीही पायात नव्याने बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप किंवा छातीत दुखणे यांचे खापर औषध कमी करण्यावर फोडू नये. अशा वेळी त्वरित तपासणी करून घ्यावी.

एकदम बंद करणे, किंवा तारखेला बांधून घेणे

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये या औषधांना सरावलेल्या रुग्णांचे औषध अचानक बंद करण्याविरुद्ध इशारा दिला, कारण त्यातून तीव्र त्रास, आवाक्याबाहेरची वेदना आणि आत्महत्याही घडल्याचे समोर आले होते. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ औषध घेणाऱ्यांसाठी महिन्याला सुमारे १० टक्के किंवा त्याहूनही सावकाश घट साधारणपणे सोसवते. थोडेच आठवडे औषध घेतलेल्यांना याहून जलद कमी करता येते. टक्केवारी उरलेल्या मात्रेची धरावी. १०० वरून ९० वर येणे आणि २० वरून १० वर येणे या सारख्या पायऱ्या नाहीत, कारण दुसऱ्या वेळी मात्रा निम्मी होते. शेवटचा टप्पा अनेकांना सर्वांत जड जातो तो याच कारणाने. एखाद्या पायरीवर त्रास फार झाला तर डॉक्टरांशी बोलून तिथेच काही आठवडे थांबावे. थांबणे म्हणजे हरणे नव्हे.

मात्रा घटवण्यासाठी हळूहळू विरघळणाऱ्या दीर्घकालीन गोळ्या मोडू किंवा कुटू नयेत आणि फेंटॅनिलची पट्टी कापू नये. त्यामुळे बराचसा साठा एकदम शरीरात उतरू शकतो.

जुन्या मात्रेवर परत उडी मारणे

काही दिवस औषध थांबले किंवा बरेच कमी झाले, की शरीराची सहनशक्तीही उतरते. असह्य रात्री पूर्वीची पूर्ण मात्रा घेतली, तर पूर्वी पचणारी तीच मात्रा आता श्वास मंदावू शकते. घरातील माणसांना हे आधीच सांगून ठेवावे आणि नॅलोक्सोन (अफूवर्गीय औषधाच्या अतिमात्रेचा परिणाम उलटवणारे औषध) जवळ ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. माणूस हाक मारूनही उठत नसेल, श्वास तुटक असेल किंवा ओठ निळसर पडले असतील, तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी.

पोकळी दुसऱ्या औषधांनी भरणे

झोप येत नाही म्हणून मद्य किंवा झोपेच्या गोळ्या घेणे सर्वांत धोक्याचे आहे, कारण अफूवर्गीय औषधासोबत दोन्ही श्वास दाबतात. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रीगाबालिन व गॅबापेंटिन यांबाबतही हीच सावधगिरी लागते. ट्रामाडॉलच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते. वरून वेगळे पॅरासिटामॉल घेताना दिवसाची एकूण बेरीज करावी. निरोगी प्रौढासाठी ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा मानतात, यकृताचा आजार असल्यास ती बरीच कमी असते. जुलाबांनी शरीरातले पाणी घटलेले असताना आयबुप्रोफेनसारखी औषधे मूत्रपिंडाला बाधतात. जुलाबांसाठी लोपेरामाइड ठरल्या मात्रेतच घ्यावे, कारण अतिमात्रेने हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. घाम, थरथर व अस्वस्थतेवर डॉक्टर क्लोनिडीन देतात. त्याने रक्तदाब उतरतो, म्हणून अंथरुणातून हळू उठावे.

ट्रामाडॉल थोडे निराळे आहे. ते सेरोटोनिन (मन:स्थितीशी निगडित मेंदूतील रसायन) व नॉरअ‍ॅड्रेनालिनवरही काम करत असल्याने ते सोडताना काहींना घबराटीचे झटके, हातापायांत विचित्र मुंग्या किंवा भासही होतात. नैराश्याचे औषध चालू असल्यास डॉक्टरांना ते अवश्य सांगावे.

आधीच्या औषधाऐवजी बुप्रेनॉर्फिन या दुसऱ्या अफूवर्गीय औषधावर जायचे ठरले असेल तर घाई नको. आधीचे औषध अंगात असतानाच ते घेतले, तर ते त्या औषधाला बाजूला सारून तीव्र त्रास ओढवते. म्हणून आधीचे औषध उतरल्याची लक्षणे स्पष्ट दिसू लागेपर्यंत थांबवतात.

दुखण्याची सोय न करता गोळी कमी करणे

मात्रेला हात लावण्यापूर्वीच पर्यायी उपचारांची घडी बसलेली हवी. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखे औषध परिणाम दाखवायला काही आठवडे घेते. ट्रामाडॉलसोबत त्यांची सांगड घालताना डॉक्टरांचे लक्ष हवे. व्यायाम थोडाच, पण रोज ठेवावा. बरे वाटणाऱ्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकून टाकणारा रुग्ण पुढचे दोन दिवस अंथरुण धरतो आणि दोष कमी केलेल्या मात्रेला देतो. म्हणून वेळ ठरवून, दुखण्याआधीच थांबावे. आई दहा मिनिटे चालायची आणि बरे वाटले तरी अकराव्या मिनिटाला खुर्चीत बसायची. सुरुवातीला मला ते अतिरेकी वाटले होते, पण वहीतल्या नोंदींत तेच दिवस सर्वांत शांत होते.

गर्भवती स्त्रीने स्वतःहून मात्रा कमी करू नये. अचानक घट गर्भालाही बाधते. आणि जगणे नकोसे वाटू लागले, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावे आणि डॉक्टरांना गाठावे.