रायफलीचं काडतूस घरी भरायचं, तर सुरुवात पुंगळीपासून

रायफलीची काडतुसं घरी भरायला शिकायचं आहे असं कुणी म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : प्रेस, म्हणजे काडतूस भरायचं हँडलचं यंत्र, कोणता घेऊ? मी आधी विचारते, तुमच्या रायफलीतून उडालेल्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी आवरणं, जपून ठेवल्या आहेत का? प्रेस आठवडाभरात येईल. तोवर त्या पुंगळ्या हातात घ्या, दिव्याखाली फिरवा आणि त्यांच्यावर काय उमटलंय ते बघा. माझं पोटापाण्याचं काम मोजमापाच्या प्रयोगशाळेतलं आहे, नेमबाजी नंतर आली. म्हणून असेल, पण मला हा छंद मुळात मोजमापाचाच वाटतो.

कायद्याचं आधी. भारतात शस्त्र अधिनियम, 1959 प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, आणि रायफलीचा परवाना म्हणजे काडतुसं भरण्याचा परवाना नव्हे. काही देशांत याला मोकळीक आहे, काहींत दारू आणि प्रायमर किती साठवायचे यावर मर्यादा आहे. तुम्ही राहता तिथे मुभा असेल, तरच पुढचं तुमच्या कामाचं.

काडतुसाचे भाग चारच. पितळी पुंगळी, तिच्या बुडातला, ठोक्याने पेटून दारू पेटवणारा प्रायमर, आतली धूरविरहित दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. उडाल्यावर तिघांचं काम संपतं, पुंगळी तेवढी परत वापरता येते. तिचं पितळ साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्ताचं असतं. स्फोटाच्या क्षणी ती फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरल्यावर किंचित आक्रसते, म्हणून बाहेर निघते. .308 विंचेस्टरसारख्या काडतुसात हा दाब 62,000 पीएसआयपर्यंत (पौंड प्रति चौरस इंच) जाऊ शकतो. एवढा दाब तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर पेलला जातो, तो चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या आणि या पातळ पितळाच्या भरवशावर. म्हणून मी पुंगळीवर इतका वेळ घालवते.

पुंगळी पाहायची ती तोंडाकडून बुडाकडे. गोळी धरणारा अरुंद भाग म्हणजे मान, तिच्याखालचा उतार म्हणजे खांदा. मानेवर उभी बारीक चीर दिसली तर पुंगळी बाद. पितळ वारंवार दाबलं-फुगवलं की कडक होत जातं आणि पहिल्यांदा मानेलाच तडकतं. खांद्यावर खड्डा असेल तर तो किती खोल ते बघा. हलका असेल तर पुढच्या बारात भरून निघतो. मग सगळ्यात महत्त्वाची जागा, बुडाच्या थोडं वर, जिथे जाड पितळ संपून पातळ भिंत सुरू होते. तिथे भोवताली चकचकीत कडं दिसलं तर सावध व्हा. भिंत आतून झिजत चालल्याची ती खूण असू शकते. कागदाला लावायच्या तारेच्या क्लिपेचं टोक काटकोनात वाकवून पुंगळीत घाला आणि भिंतीवरून खालून वर ओढा. त्या कड्यापाशी टोक खाचेत अडकल्यासारखं वाटलं, तर ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका. तशीच ठेवलीत तर कधीतरी पुन्हा चांगल्या पुंगळ्यांत मिसळेल. अशी पुंगळी चेंबरमध्ये तुटली की तिचा पुढचा तुकडा आत अडकतो आणि तापलेले वायू मागच्या बाजूला येतात.

ही झीज होते कशामुळे? बहुतेक वेळा आपल्याच हाताने. प्रेसमध्ये बसवायची साच्यासारखी साइझिंग डाय पुंगळीला पुन्हा मापात आणते, पण ती जास्त खाली बसवली तर खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला जातो. पुढच्या बारात पुंगळी तेवढी पुन्हा ताणली जाते, आणि हा ताण बुडाजवळच्या भिंतीतून निघतो. बोल्ट रायफलीसाठी खांदा 0.05 मिलिमीटरच्या आसपास मागे सरकला तरी पुरतं. आपोआप भरणाऱ्या रायफलीला थोडी जास्त मोकळीक लागते. हे डोळ्याने कळत नाही. व्हर्निअर कॅलिपरला लावायचं खांदा मोजण्याचं जोडगेज मिळतं. उडालेल्या पुंगळीचं माप घ्या, डायमधून काढल्यावर पुन्हा घ्या, फरक लिहा. नवख्याने महागड्या प्रेसऐवजी आधी या गेजवर खर्च करावा, असं मी आग्रहाने सांगते.

बाकी सामान थोडक्यात. एका वेळी एकच पुंगळी धरणारा साधा सिंगल स्टेज प्रेस घ्या. हँडल ओढलं की फिरत्या तबकड्यांवर चार कामं एकदम करणारी यंत्रं नवख्यासाठी नाहीत. एकाच वेळी चार गोष्टींवर लक्ष राहत नाही. तुमच्या काडतुसाच्या डाय आणि त्याला बसणारा, पुंगळीचं बूड धरणारा शेल होल्डर, कॅलिपर, ग्रेन या छोट्या एककात मोजणारा वजनकाटा आणि त्याचं तपासणीचं वजन, नरसाळं, पुंगळी कापायचं ट्रिमर, पुंगळ्या उभ्या ठेवायचा छिद्रांचा ट्रे, डोळ्यांना चष्मा. आणि छापील रीलोडिंग मॅन्युअल, दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीचं, चालू आवृत्तीतलं. कुणी तोंडी सांगितलेला आकडा वापरू नका, सांगणारा कितीही अनुभवी असो. त्याची रायफल वेगळी, त्याच्या दारूचा लॉट वेगळा.

डायमध्ये घालण्याआधी पुंगळीत डोकावून बघा. तळाला मधोमध एकच भोक असेल तर ती बॉक्सर पद्धतीची, घरी भरायला सोपी. दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन; जुना प्रायमर ढकलून काढणारी डायची पिन त्यात मोडेल, ती बाजूला ठेवा. मग वंगण. अंगाला बोटाने पातळ थर, मानेच्या आत किंचित, खांद्यावर जवळपास नाही, कारण तिथे साचलेलं वंगण दाबून पितळात खड्डा पाडतं. वंगण न लावता पुंगळी रेटली तर ती डायमध्ये रुतून बसते. डायमधून निघालेली पुंगळी पुसून कोरडी करा, लांबी मोजा. .308 ची कमाल लांबी 51.18 मिलिमीटर, त्याहून लांब असेल तर कापून 50.93 वर आणायची. लांब मान चेंबरच्या टोकाशी गोळीवर आवळली जाते आणि दाब वाढतो. कापल्यावर तोंडाच्या आतली-बाहेरची धार काढायची, एवढं झालं की पुंगळी तयार.

प्रायमर बसवताना मी हाताचं साधन वापरते, कारण तळ लागल्याचं बोटाला कळतं. तो बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत हवा, साधारण 0.1 मिलिमीटर. बोट फिरवून बघा. वर आलेला प्रायमर बोल्ट बंद करताना दाबला जाऊ शकतो. प्रायमर त्यांच्या मूळ डबीतच ठेवायचे, बरणीत सुटे कधीच नाहीत. त्यात आघाताने पेटणारं रसायन असतं आणि एक उडाला की बाकीचे मागोमाग जातात.

आता दारू. इथे घर शांत हवं. फोन दुसऱ्या खोलीत, पंखा बंद, कारण वाऱ्याने काटा हलतो, आणि जवळपास ज्योत किंवा सिगारेट नको. टेबलावर दारूचा एकच डबा. वेगवेगळ्या दारूचे दाणे दिसायला सारखे असतात, पण जळण्याचा वेग फार वेगळा असतो. पिस्तुलाची झटकन जळणारी दारू रायफलीच्या पुंगळीत त्याच वजनाची पडली तर रायफल फुटते. डब्यावरचं नाव आणि मॅन्युअलमधलं नाव अक्षरन् अक्षर जुळवा. नावं एकमेकांसारखी असतात आणि शेवटच्या आकड्याने माल बदलतो. काटा तपासणीच्या वजनावर पडताळा, आणि काम चालू असताना मधूनमधून पुन्हा. इलेक्ट्रॉनिक काट्याचा शून्य सरकतो, हे मी रोज प्रयोगशाळेत पाहते. परिमाण ग्रेनच आहे ना, तेही बघा. एक ग्रॅम म्हणजे 15.43 ग्रेन; चुकीचं बटण दाबलं गेलं तर आकडा निरर्थक होतो.

मॅन्युअलमध्ये तुमच्या गोळीच्या वजनापुढे सुरुवातीचा आणि कमाल असे दोन आकडे असतात. सुरुवातीच्या आकड्यापासून चढा. मॅन्युअल सांगतं त्याखालीही जाऊ नका. प्रत्येक पायरीची थोडीच काडतुसं भरा आणि कुठलाही घटक बदलला, पुंगळीचा ब्रँड किंवा प्रायमरसुद्धा, की पुन्हा खालून सुरुवात करा. एकाच वजनाच्या वेगळ्या बनावटीच्या दोन गोळ्यांनाही दाब वेगळा येतो.

दारू घातल्यावर ट्रे टेबलावर ठेवून टॉर्चने प्रत्येक पुंगळीत बघा. देवळाबाहेर ओळीने मांडलेल्या पणत्यांत एखादी कमी तेलाची जशी लगेच दिसते, तशी चुकीची पातळी रांगेत उठून दिसते. शंका आली तर ओतून पुन्हा वजन करा. ही तपासणी झाल्याशिवाय एकही गोळी बसवायची नाही.

गोळी बसवताना एकूण लांबी मॅन्युअलमध्ये दिलेली ठेवा. .308 साठी कमाल 71.12 मिलिमीटर, पण गोळीच्या आकारानुसार ती कमी असू शकते. गोळी जास्त खोल गेली तर आतली जागा कमी होऊन दाब चढतो. जास्त बाहेर राहिली तर नळीतल्या खाचांना टेकते, तेव्हाही दाब चढतो. पहिलं काडतूस तयार झालं की मोजा, मगच पुढचं. डब्यावर चिठ्ठी लगेच : तारीख, पुंगळी कितव्यांदा भरली, प्रायमर, दारूचं नाव आणि वजन, गोळी, लांबी. चिठ्ठी नसलेला डबा माझ्याकडे रेंजवर जात नाही.

रेंजवर सगळ्यात हलक्या भरणीपासून सुरुवात करा आणि प्रत्येक बारानंतर पुंगळी बघा. प्रायमरच्या कडा सपाट होऊन पसरल्या, बुडावर इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाच्या) भोकाचा चकचकीत ठसा आला किंवा बोल्ट उचलायला जड गेला, तर त्या भरणीची उरलेली काडतुसं घरी परत न्या. ठसा दिसला नाही म्हणजे दाब सुरक्षित आहे असंही समजू नका. काही वेळा खूण दिसेपर्यंत मर्यादा ओलांडलेली असते. घोडा दाबल्यावर नुसता टक आवाज आला, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान 30 सेकंद थांबा. फुसका आवाज झाला आणि खांद्याला धक्का जाणवला नाही, तर गोळी नळीत अडकली असू शकते. बोल्ट काढून, मागून प्रकाश टाकून नळी आरपार दिसेपर्यंत दुसरा बार करायचा नाही. तो बार नळी फोडतो.

स्वच्छतेबद्दल. प्रायमरच्या अवशेषांत बहुधा शिसं असतं, पुंगळ्या घासताना ते धुळीत येतं. हे काम स्वयंपाकघरात नको, लहान मुलांच्या खोलीत नको, आणि नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत. दारू मूळ डब्यात, थंड कोरड्या जागी, कुलूपबंद.

घरी आणलेली संशयास्पद काडतुसं मोडायला हातोड्यासारखा पुलर मिळतो. कडक पृष्ठभागावर आपटला की गोळी आणि दारू वेगळी होते. चष्मा घालून, एका वेळी एकच. निघालेली दारू कोणती ते चिठ्ठीवरून पक्कं माहीत असेल तर पुन्हा वापरता येते. जराही शंका असेल तर ती डब्यात परत टाकू नका, तिची विल्हेवाट मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे लावा.