‘याच क्षेत्रात का?’ : खरं उत्तर शोधायची माझी पद्धत

मी भूलतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं झाली. अर्ज भरायचे दिवस आले की ओळखीपाळखीतली मुलं माझ्याकडे येतात. मुलाखतीत ‘वैद्यकीय क्षेत्रच का?’ असं विचारलं तर काय सांगायचं, हे त्यांना हवं असतं. बरीचशी मुलं उत्तर घेऊनच आलेली असतात आणि ते मला ऐकायच्या आधीच पाठ असतं, कारण मीही तेच दिलं होतं: ‘मला लोकांची सेवा करायची आहे.’ समोरच्या बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘कोणाची?’ मी म्हटलं, ‘सगळ्यांची.’ त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढचा प्रश्न घेतला. प्रवेश मिळाला, पण तो ‘कोणाची’ अजून डोक्यात आहे.

खरं कारण वेगळंच होतं. मी बारा वर्षांची असताना वडिलांचं ऑपरेशन झालं. आई आणि मी बाहेरच्या बाकावर बसून होतो, आणि आत काय चाललंय ते कोणीच सांगत नव्हतं. खूप वेळाने दार उघडलं. हिरव्या कपड्यांतल्या एक बाई बाहेर आल्या, मास्क खाली ओढून म्हणाल्या, ‘बीपी व्यवस्थित आहे, अजून तासभर लागेल,’ आणि परत आत गेल्या. एवढंच. पण आईचे ताठरलेले खांदे खाली आलेले मी पाहिले. सेवा वगैरे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. मला त्या दाराच्या आतल्या बाजूला जायचं होतं, जिथल्या माणसांना काय चाललंय ते माहीत असतं.

म्हणजे माझ्या कारणाचं मूळ सेवाभावात नाही, काहीच माहीत नसण्याच्या भीतीत आहे. हे स्वतःशी कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. कबूल केल्यावर लक्षात आलं की कारण मुळीच वाईट नाही. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड यांवर क्षणाक्षणाला नजर ठेवणं हेच माझं काम, आणि बारा वर्षांच्या मुलीला नेमकं तेच हवं होतं. म्हणून मुलांना मी आधी उत्तर लिहू देत नाही, खोदायला लावते. ते कसं, ते सांगते.

आधी लाजिरवाणी यादी

एक कागद घ्या, पंधरा मिनिटं घ्या, आणि मनात येतील ती सगळी कारणं लिहा. हा कागद कोणालाही दाखवायचा नाही. पैसा, मान, नावामागे लागणारं ‘डॉक्टर’, आईबाबांची इच्छा, घरचा दवाखाना, जीवशास्त्रात पडलेले मार्क, जिवलग मैत्रीण जातेय म्हणून, दुसरं काय करायचं ते सुचत नाही म्हणून. सगळं.

मग एकेका कारणावर बोट ठेवून ते खोडून बघा: हे नसतं तर मी गेलो असतो का? पैसा आणि स्थैर्य ही कारणं लपवायची नसतात, पोट सगळ्यांनाच असतं. फक्त एवढं लक्षात घ्या की पैसा मिळवायचे याहून जवळचे रस्ते आहेत. डॉक्टरकीची पदवी आणि नंतरचं विशेष शिक्षण धरलं तर सहज दहा वर्षं जातात. एकट्या पैशाच्या ओढीवर इतकी वर्षं काढणं अवघड, पण त्याच्या जोडीला दुसरं काही असेल तर प्रश्न नाही.

आईबाबांच्या इच्छेसाठी मी एक वेगळा प्रश्न विचारते. समजा, आज संध्याकाळी ते म्हणाले, ‘तुला हवं ते कर, आमची काही हरकत नाही.’ उद्या सकाळी उठल्यावर काय वाटेल? सुटल्यासारखं वाटणार असेल तर अर्ज भरायची घाई करू नका. काहीतरी हातातून गेल्यासारखं वाटणार असेल, तर ती इच्छा कधीच तुमची झालेली आहे, आईबाबांनी ती फक्त आधी बोलून दाखवली.

मग बघा, नजर कुठे गेली

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमकी हीच सगळे गाळतात. बहुतेकांच्या कारणामागे एक प्रसंग असतो: कोणाचं तरी आजारपण, अपघात, बाळंतपण. तो प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणा आणि ‘मला काय वाटलं’ हे बाजूला ठेवून ‘मी काय बघत होतो’ ते लिहा.

एक मुलगी आली होती. तिच्या आजीचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास. ही सोबतीला बसायची. डॉक्टर व्हायचंय म्हणाली. मी म्हटलं, त्या खोलीबद्दल सांग. ती अर्धा तास बोलली आणि त्यात डॉक्टर जेमतेम एकदा आले. बाकी सगळं ते यंत्र: रक्त कुठून जातं, गाळणीतून कसं फिरतं, पाणी इतकं शुद्ध का लागतं, अलार्म वाजला की तंत्रज्ञ आधी कुठे हात घालतो. तिने पुढे डायलिसिस तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम घेतला. घरच्यांना काही दिवस वाईट वाटलं. तिला नाही वाटलं.

तुमची नजर रात्रभर उशाशी असलेल्या माणसावर होती का? मग परिचर्येचा विचार करा. रात्री माणूस कण्हतो तेव्हा त्याच्याजवळ पोचणारं पहिलं माणूस नर्स असते. एक्स-रेतल्या सावल्यांवर, रक्ताच्या अहवालातल्या आकड्यांवर, आजार नेमका कुठला हे कोडं सोडवणाऱ्यावर? प्रत्येकाची वाट वेगळी आहे. ‘वैद्यकीय क्षेत्र’ म्हटलं की ‘डॉक्टर’ एवढंच ऐकायची सवय घरच्यांनाही असते, त्यामुळे हे त्यांनाही वाचून दाखवा.

कारण दुःखाचं असेल तर

जवळचं कोणी गेलं म्हणून या क्षेत्रात यावंसं वाटणं खोटं नसतं. फक्त ते दुःख तिथेच थांबलेलं आहे की त्यातून काही दिसायला लागलंय, हे तपासा. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण 1883 मध्ये अमेरिकेला निघण्यापूर्वी त्यांनी जाहीर भाषण केलं, तेव्हा कारण मांडलं ते असं की देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे, पुरुष डॉक्टरापुढे बायका आपलं दुखणं सांगत नाहीत. स्वतःच्या बाळापासून निघून त्या अनोळखी बायकांपर्यंत पोचल्या होत्या. 1886 मध्ये त्यांना पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी, बाविशीही पूर्ण व्हायच्या आत, त्या गेल्या.

सिसली सॉन्डर्स यांचंही मी नेहमी सांगते, विशेषतः ‘मला उशीर झाला’ म्हणणाऱ्यांना. त्या आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते सोडावं लागलं, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या. तिथे डेव्हिड टास्मा नावाचा कर्करोगाचा रुग्ण भेटला. मरणाऱ्या माणसाला काय हवं असतं यावर दोघं खूप बोलत. 1948 मध्ये तो गेला आणि जाताना त्यांच्यासाठी 500 पौंड ठेवून गेला. पुढे त्यांना एका सर्जनने सुचवलं की या विषयात बदल घडवायचा तर डॉक्टर व्हा. त्या 1957 मध्ये, 38 व्या वर्षी, डॉक्टर झाल्या. 1967 मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, उघडलं. आज जगभर मरणासन्न रुग्णांच्या वेदनाशमनाचं जे काम चालतं, त्याची पायवाट तिथून निघते.

जखम अजून ओली असेल तर मात्र वर्षभर थांबा. माझ्या बॅचमधला एक जण भाऊ गेल्यावर तीन महिन्यांत आला होता. प्रत्येक तरुण रुग्णात त्याला भाऊ दिसायचा आणि तो वॉर्डातून निघून जायचा. शेवटी एक वर्ष सुट्टी घेऊन परत आला, तेव्हा टिकला.

रक्त बघून चक्कर येते?

याचा आणि कारणाचा काहीही संबंध नाही. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांना 1849 मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळाली, तिथे ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की शरीराशी संबंधित प्रत्येक गोष्टीची त्यांना किळस यायची, वैद्यकाचं पुस्तक बघवत नसे. एका मरणासन्न मैत्रिणीने त्यांना सांगितलं होतं की डॉक्टर बाई असती तर माझे सगळ्यात वाईट हाल वाचले असते. ते ऐकून त्या निघाल्या.

रक्त पाहून येणारी चक्कर म्हणजे नाडी आणि रक्तदाब एकदम उतरणं. डोकं हलकं व्हायला लागलं की दंड, पोट आणि मांड्यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळा, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सैल सोडा, थोडं थांबून परत करा. दाब टिकतो. तरीही भोवळ येतेय असं वाटलं तर सरळ खाली बसा, लाजू नका. मी स्वतः पहिल्या महिन्यात भिंतीला टेकून बसले होते.

एक सामान्य दिवस बघून या

या क्षेत्रातल्या माणसांना ‘तुम्ही का आलात?’ असं विचारू नका, घोटून गुळगुळीत झालेलं उत्तर मिळेल. ‘काल सकाळी अकरा वाजता काय करत होतात?’ असं विचारा. कोणी रिकामा बेड मिळवायला फोनवर फोन करत होतं, कोणी डिस्चार्जचे कागद लिहीत होतं, कोणी ऑपरेशन संपताना वापरलेले गॉजचे तुकडे मोजत होतं. माझ्या कामाचा मोठा भाग शांतपणे मॉनिटरकडे बघण्यात जातो. जमलं तर वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात काही आठवडे स्वयंसेवक म्हणून जा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला नवलाई संपते. त्यानंतरही जावंसं वाटतंय का, ते बघा.

आता लिहा

‘लहानपणापासून माझं स्वप्न होतं’ हे वाक्य खोडा. त्याऐवजी तीन गोष्टी लिहा: काय पाहिलं, त्यानंतर स्वतः काय केलं, आणि ते करताना आधीचा कोणता समज मोडला. तिसरी गोष्ट बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि मी अर्ज वाचते तेव्हा सगळ्यात आधी तीच शोधते. आज लिहिलेलं कारण पुढे बदलेल याची भीती नको. व्हर्जिनिया अपगार यांना सर्जन व्हायचं होतं, वरिष्ठांनी परावृत्त केलं म्हणून त्या माझ्या शाखेत आल्या. 1953 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली नवजात बाळाच्या प्रकृतीला गुण द्यायची पद्धत आजही प्रसूतिगृहांत वापरतात.

लिहून झालं की कोणाला तरी समोर बसवा आणि प्रत्येक उत्तरावर एकच शब्द विचारायला सांगा: ‘म्हणजे?’ तीनदा. मागच्या आठवड्यात एका मुलाला मीच विचारलं. पहिल्यांदा म्हणाला, फिजिओथेरपीला खूप वाव आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, लोकांना पायावर उभं करायचंय. तिसऱ्यांदा बराच वेळ गप्प बसला, मग खाली बघत म्हणाला, ‘लकवा झाल्यावर आजोबा खाली पडले होते आणि मला त्यांना उचलता येत नव्हतं. कुठे धरायचं तेच कळत नव्हतं.’

मी त्याच्याकडे पेन सरकवलं आणि म्हटलं, ‘हे लिही.’