कॅम्पिलोबॅक्टरचा वंशवृक्ष काढताना या चुका टाळा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गिलान-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटण्याचा आजार) रुग्ण एकाएकी वाढले आणि काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब घडवणारा जंतू सापडला. अशा जंतूचं कूळ जीनोम सिक्वेन्सिंगने, म्हणजे त्याचा सगळा डीएनए वाचून, शोधता येतं. पण बरेचसे वंशवृक्ष (कोणता नमुना कोणाच्या जवळचा हे दाखवणारी झाडं) नमुना घेतानाच बिघडलेले असतात.

पीसीआर (जंतूचा डीएनए ओळखणारी चाचणी) पॉझिटिव्ह आला की उरलेला नमुना टाकून देणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. पीसीआर जंतूचं नाव सांगतो, कूळ नाही. कुळासाठी जिवंत जंतू लागतो आणि हा जंतू फार नाजूक आहे: उघडी हवा सोसत नाही, वाळला की मेला. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी नमुना घ्या, कॅरी-ब्लेअरमध्ये (नमुना नेण्याचं माध्यम) घालून ४ अंश सेल्सिअसला लॅबपर्यंत न्या. एमसीसीडीए प्लेट (या जंतूला वाढवायचं खास माध्यम) ४२ अंशांवर ४८ तास ठेवा. जारमध्ये ऑक्सिजन ५, कार्बन डायऑक्साइड १० आणि नायट्रोजन ८५ टक्के. चोवीस तासांत काही उगवलं नाही म्हणून प्लेट फेकू नका. कॉलन्या करड्या, चपट्या, ओलसर असतात आणि लूप फिरवलेल्या रेषेवर पसरत जातात.

जीबीएसची लक्षणं जुलाबानंतर साधारण १ ते ३ आठवड्यांनी दिसतात. तोवर शौचातला जंतू बऱ्याचदा संपलेला असतो. म्हणून त्याच वस्तीत आत्ता जुलाब होत असलेल्यांचे नमुनेही घ्या.

डीएनएसाठी प्लेटवरची सगळी वाढ खरवडू नका. एकच कॉलनी उचला, पुन्हा स्ट्रीक करा, मग डीएनए काढा. त्याच वाढीचा थोडा भाग ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर गोठवा. या जंतूचा जीनोम साधारण १६ ते १८ लाख बेसचा, त्यात जी आणि सी अक्षरं मिळून जेमतेम ३० टक्के. असेम्ब्ली (तुकडे जोडून बनवलेला जीनोम) २५ लाखांवर गेली तर दुसरा कुठला जंतू मिसळलाय. आकार ठीक, पण शेकडो जागी रीड्स (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) दोन वेगळ्या अक्षरांत ६०-४० अशा फुटल्यात? मग एकाच जातीचे दोन स्ट्रेन (उपप्रकार) मिसळलेत. दोन्ही वेळा सॉफ्टवेअर मुकाट्याने झाड काढून देतं, म्हणून हे आधीच तपासा.

खरी गफलत होते ती रिकॉम्बिनेशनमुळे, म्हणजे दुसऱ्या जंतूचा डीएनए आपल्यात जोडून घेतल्यामुळे. कॅम्पिलोबॅक्टर शेजाऱ्याचा डीएनए सहज उचलतो. समजा, दोन नमुन्यांत ९० एसएनपी (एकेका अक्षराचे फरक) दिसले. त्यांतले ७८ तीन हजार बेसच्या एकाच पट्ट्यात असतील, तर ती बहुधा एका झटक्यात आलेली उसनवारी आहे. वारशाने आलेले फरक उरलेले १२. सगळे ९० मोजले तर अगदी सख्खे नमुने लांबचे ठरतात. म्हणून हजार-हजार बेसच्या खिडक्यांत एसएनपी मोजून आलेख काढा. उंच सुळके लगेच नजरेत भरतात. अशी उसनवारी शोधून वगळणारं गबिन्स हे सॉफ्टवेअर वापरा, पण जवळच्या वंशावळीपुरतंच, उदाहरणार्थ एकाच एसटीच्या (ठरावीक जनुकांवरून ठरणारा प्रकार) नमुन्यांवर. अख्ख्या जातीवर चालवलं तर निकालावर विसंबू नका. संदर्भ जीनोमही (ज्याच्याशी बाकीचे ताडून बघायचे तो) शक्यतो त्याच एसटीचा घ्या. सवयीने एनसीटीसी १११६८ हा नेहमीचा संदर्भ स्ट्रेन लावू नका.

झाड काढणाऱ्या आयक्यू-ट्री या सॉफ्टवेअरला नुसते एसएनपी देत असाल तर एएससी दुरुस्ती (न बदललेल्या जागा वगळल्याची भरपाई) लावा, नाहीतर फांद्या फुगतात.

दोन महिन्यांतले नमुने घेऊन पूर्वज कोणत्या साली होता हे काढू नका. टेम्पएस्ट या सॉफ्टवेअरमध्ये तारखेबरोबर मुळापासूनचं अंतर वाढताना दिसत नसेल, तर त्या झाडावर साल लिहिण्यात अर्थ नाही. तारीखही नमुना घेतल्याची हवी, रिपोर्टची नव्हे.

एलओएस (जंतूच्या पृष्ठभागावरची साखर-चरबीची रचना) बनवणाऱ्या जनुकांचा पट्टा मात्र वेगळा बघा. या जंतूच्या पृष्ठभागावरची साखर आपल्या मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइड या रेणूंसारखी असू शकते आणि त्यातूनच जीबीएस उद्भवतो. इथली काही जनुकं लागोपाठच्या जी अक्षरांत एखादं कमी-जास्त झालं की बंद पडतात किंवा चालू होतात. लांब तुकडे वाचणारं नॅनोपोर सिक्वेन्सिंग नेमकं अशाच जागी चुकतं. तेव्हा झाड काढताना हा भाग झाका, पण रोगाचा विचार करताना शॉर्ट रीड्सवर (छोटे, अचूक वाचलेले तुकडे) तो अक्षर न् अक्षर तपासा.