अपूर्णांकाचा तास: आदल्या दिवशीची तयारी

तिसरी-चौथीच्या मुलांच्या हातात अपूर्णांक द्यायचा असेल तर आधी एक आकडा ठरवा आणि सगळं सामान त्यावर बेता. सगळ्यात सोयीचा आकडा २४. त्याचे अर्धे १२, तिसरा भाग ८, पाव ६, सहावा भाग ४, आठवा ३. कुठेही मिलिमीटरात शिरावं लागत नाही. २० सेंटीमीटरची पट्टी वरवर सोपी वाटते, पण तिचे तीन भाग करताना गाडी ६.६६ वर अडते. मग अंदाजाने कापलेले तुकडे एकमेकांवर ठेवले की मुलंच ओरडतात, ‘हे सारखे नाहीत!’ आणि त्यांचं बरोबर असतं.

कागदापासून सुरुवात करा. ३० मुलांच्या १५ जोड्या धरल्या तर ए-फोर आकाराचे सहा रंगांचे कागद, प्रत्येक रंगाचे तीन, म्हणजे १८ लागतील. कागद आधी २४ सेंटीमीटर लांबीवर कापा, मग ३ सेंटीमीटर रुंदीच्या उभ्या पट्ट्या काढा. एका कागदाच्या सात पट्ट्या होतात, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २१. पंधरा लागतात, सहा चुकण्यासाठी राहतात, आणि तेवढ्या चुकतातच. वर उरलेली ५.७ सेंटीमीटरची पट्टी टाकू नका, तिच्या चिठ्ठ्या होतील. कागद साधा झेरॉक्सचा असतो तेवढ्याच जाडीचा घ्या. कार्डपेपरला तीन घड्या घातल्या की आतली घडी आखूड आणि बाहेरची लांब येते. घोटीव कागद दिसतो छान, पण मागून पांढरा असल्यामुळे तुकडा उलटा पडला की रंग हरवतो.

एक रंग अखंड ठेवायचा. बाकीच्यांचे दोन, तीन, चार, सहा आणि आठ भाग. अर्धा, पाव आणि आठवा भाग मुलांनी स्वतः घडी घालून करावा. टोकाला टोक जुळवलं की काम झालं. तिसऱ्या भागाची घडी मात्र मोठ्यांनाही नीट जमत नाही. म्हणून त्या पट्टीवर ८ आणि १६ सेंटीमीटरला पेन्सिलीची खूण आदल्या रात्रीच करून ठेवा, आणि सहा भागांच्या पट्टीवर दर ४ सेंटीमीटरला. तुकड्यांवर १/४, १/८ असं काही लिहू नका. लिहिलं की मूल आकार बघायचं सोडून आकडा वाचतं, आणि आठ हा चारापेक्षा मोठा म्हणून १/८ मोठा असं ठरवून मोकळं होतं. त्यापेक्षा एका तुकड्यावर दुसरा ठेवू द्या. दोन अष्टमांश एका पावावर नेमके बसलेले पाहिले की सममूल्य हा शब्द नंतर सांगितला तरी चालतो.

खाऊशिवाय हा तास रंगत नाही, पण खाऊ निवडताना चूक होते. भाकरी हवी तिथे तुटत नाही, चिक्कीचा चुरा होतो (आणि शेंगदाणा काही मुलांना चालत नाही), मोसंबीच्या फोडी कधी नऊ तर कधी अकरा. सकाळी केलेली गार पोळी सगळ्यात बरी: चौघांत एक, आधी घडी आणि मग स्वच्छ कात्रीने काप. गरम पोळी कात्रीला चिकटते. दोन पोळ्या मुद्दाम लहान लाटून आणा. लहान पोळीचा अर्धा आणि मोठीचा अर्धा सारखे का नाहीत, यावर वर्गात जे भांडण होतं ते होऊ द्या. पावाची लादी मात्र त्या दिवशी घरीच ठेवा. ‘पाव’ हा चौथा भाग आहे हे अजून रुळायचं असताना समोर खायचा पाव आला की पुढची दहा मिनिटं वडापावात जातात.

पाण्याचे प्रयोग करायचे असतील तर पेले सरळ बाजूंचे बघा. खाली निमुळत्या पेल्यात निम्म्या उंचीपर्यंतचं पाणी अर्ध्याहून कमी असतं.

अडीच मीटरहून थोडी जास्त सुतळी आणा. नायलॉनची दोरी ताणली की लांबते. सुतळीवर ०, १ आणि २ यांच्या खुणा १२० सेंटीमीटरच्या अंतराने करा. मग अर्धा ६० वर, पाव ३० वर, आठवा भाग १५ वर. कपड्यांचे चिमटे आणि मघाच्या चिठ्ठ्या. १/२ आणि २/४ एकाच जागी येतात तेव्हा मुलं दुसरा चिमटा शेजारी सरकवतात. तो पहिल्याच्या खाली लटकवायला सांगा. सव्वा आणि दीडच्या चिठ्ठ्या विसरू नका, नाहीतर अपूर्णांक म्हणजे एकापेक्षा लहानच असा समज घट्ट होतो. पावणेदोनची चिठ्ठी राखून ठेवा. ती पुष्कळ मुलं दोनाच्या पुढे लावतात, कारण सव्वादोन पुढे असतं. दोनातून पाव मागे यायचं, हे सुतळीवर चालूनच कळतं.

चिंचोके दर जोडीला २४. यांचा तिसरा भाग किती, एवढंच.

खेळासाठी आठ फासे, एक जादा. त्यांवर कागदी चिकटपट्टी लावून एका बाजूवर अर्धा, दोनांवर पाव, तीनांवर अष्टमांश लिहा. दोन जोड्या समोरासमोर, उरलेली जोडी कुठल्यातरी गटात तिसरी. पडेल तो तुकडा आपल्या अखंड पट्टीवर ठेवायचा. पट्टी काठोकाठ भरली पाहिजे, जास्त झालं तर तो डाव फुकट. अर्धा एकाच बाजूवर ठेवण्याचं कारण म्हणजे तो वारंवार पडला तर खेळ दोन फेऱ्यांत संपतो.

प्रत्येक जोडीच्या पट्ट्या वेगळ्या पाकिटात घाला. तास संपल्यावर ती तुकडे मोजूनच परत घ्या: एक, दोन, तीन, चार, सहा आणि आठ मिळून इथेही २४ च. तेवीस भरले तर हरवलेला बहुधा अष्टमांश असतो, बाकाखाली बघा.