जुनं टोकन ‘दुर्मिळ नाणं’ म्हणून घेताय? या चुका टाळा

परवा एका ऑनलाइन लिलावात लॉट (विक्रीला ठेवलेली वस्तू) बघितला, वर्णन होतं ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, एक आणा, रामदरबार, अतिदुर्मिळ व्हरायटी’, आणि बोली पाच आकड्यांत गेलेली. पोटात गोळाच आला. असंच एक माझ्या आजीच्या देव्हाऱ्यात होतं, टाकांशेजारी, ती त्याला रोज हळदकुंकू वाहायची. ते पूजेचं टोकन आहे हो, चलनातलं नाणं नाही.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे वर छापलेल्या सालावर विश्वास ठेवणं. अशा टोकनांवर १६१६, १७१७, १८१८, १८३९ अशी सालं सर्रास दिसतात. आता बघा, १६१६ ला इंग्रज राजदूत थॉमस रो जहांगीरच्या दरबारात व्यापाराच्या सवलती मागत होता, तेव्हा कंपनी इंग्रजीत स्वतःचं नाव घालून आणे कुठून पाडणार? १७१७ ला मुघल बादशहा फर्रुखसियरने मुंबईत नाणी पाडायची परवानगी दिली तीसुद्धा बादशहाच्या नावाने, म्हणजे मजकूर फारसी. आणि मुंबई इलाख्यातले १७९१ पासूनचे तांब्याचे पैसे हातात घेतलेत तर त्यावर तराजू दिसतो, खाली ‘अदल’ म्हणजे न्याय. तांब्याचा अख्खा एक आणा कंपनीने चलनात आणलाच नाही, १८३५ चा अर्धा आणा आहे, पाव आणा आहे, पण एक आणा लोकांच्या हातात आला तो १९०६-०७ च्या सुमारास, सातव्या एडवर्डचा, तांबं-निकेलचा, नागमोडी कडेचा.

दुसरं, वजन न विचारता बोली लावू नका. कंपनीचा अर्धा आणा १२.९५ ग्रॅम, पाव आणा ६.४८. त्या हिशोबाने तांब्याचा एक आणा २६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. मी आजवर तोललेल्या रामदरबार टोकनांपैकी एकही त्याच्या जवळपास गेलं नाही, आणि एकाच छापाच्या दोन टोकनांतसुद्धा दीड-दोन ग्रॅमचा फरक निघाला. टांकसाळीचा माल असा नसतो.

‘व्हरायटी’ (त्याच नाण्याचा थोड्या वेगळ्या साच्याचा प्रकार) या शब्दाने तर फार लोक फसतात. आजीचं टोकन मी भिंगाखाली धरलं तर हनुमानाची गदा शेजारच्या पायात विरघळून गेलेली, अक्षरांच्या कडा बोथट, मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि कडेवर कानस फिरवल्याचे ओरखडे. हे सगळं ओतकामाचं लक्षण आहे, पण लिलावात त्यालाच ‘वेगळा डाय’ (नाणं ठोकायचा वेगळा साचा) म्हणतात आणि किंमत तिप्पट करतात. गुरू नानक आणि त्यांचे सोबती बाला-मर्दाना असलेली, संवत १८०४ (म्हणजे इ.स. १७४७ च्या सुमाराचं) साल घातलेली पितळी टोकनंही अशीच ‘शीख राज्याचं नाणं’ म्हणून येतात, ती खूप नंतरची, यात्रेकरूंसाठी केलेली.

पण उलटी चूकपण करू नका, म्हणजे देव दिसला की टोकन असं नाही. कंपनीच्याच मद्रास टांकसाळीने १८०८ च्या सुमारास चांदीचा अर्धा पगोडा (पगोडा म्हणजे दक्षिणेतलं नाणं) काढला, त्यावर एका बाजूला गोपुर आणि दुसरीकडे विष्णू आहे, तो अस्सल चलनी. अकबराचं ‘राम सीय’ नाणं, त्याच्या इलाही सनाच्या ५० व्या वर्षाचं, तेही खरं, फक्त त्याचे ज्ञात नमुने बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे ते दोन हजारात कुणी देत असेल तर समजून घ्या.

घेऊन बसला असाल तर लॉटच्या पानाचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, दोन्ही बाजू, कड आणि काट्यावरचं वजन असे चार फोटो लिलाववाल्यांना पाठवा, वर्णन चुकीचं आहे एवढंच लिहून परतावा मागा. तोपर्यंत चिंच-पितांबरी लावून घासू नका, घासलेला माल परत घ्यायला कुणीच तयार होत नाही.