गाडीचं जीपीएस असं गंडतं: या चुका टाळा

मार्च २०१९ मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये मांडलेल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या आपण इंग्लंडमधल्या बकिंगहॅमला आहोत आणि साल २०३६ आहे, असं दाखवू लागल्या. बनावट सिग्नलचा, म्हणजे स्पूफिंगचा, हा प्रकार. इतकी ढोबळ थाप लगेच लक्षात येते. पंचाईत होते ती स्वयंचलित गाडीला दहा-पंधरा मीटरच बाजूला ढकललं जातं तेव्हा: हायवेऐवजी सर्व्हिस रोड!

‘भरपूर उपग्रह दिसतायत, म्हणजे सुरक्षित.’ हा पहिला गैरसमज. अमेरिकेचं जीपीएस, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बायडू या तिन्ही उपग्रहप्रणालींचे नागरी सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतात. सुमारे वीस हजार किलोमीटरवरून येताना ते इतके क्षीण होतात, की सिग्नल दाबून टाकणारा एक छोटा जॅमर तिघांनाही पुरतो. एल५ हा वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा बँड जोडीला घ्या. हल्लेखोराचं काम तेवढंच वाढेल.

‘सेन्सर फ्यूजन (अनेक सेन्सरच्या माहितीचा मेळ) आहे ना!’ सगळ्यात महागात पडणारी समजूत हीच. जायरो (वळण मोजणारा सेन्सर) आणि चाकांच्या सेन्सरचा हिशेब हळूहळू चुकत जातो, म्हणून तो जीपीएसवरूनच दुरुस्त केला जातो. हल्लेखोरानं स्थान सावकाश सरकवलं, की सेन्सरचा मेळ घालणारं गणित, म्हणजे कालमन फिल्टर, तो फरक जायरोच्या माथी मारतो. साक्षीदारच फितूर! त्यामुळे जीपीएसचा हात न लागलेला एक हिशेब समांतर चालू ठेवा आणि कॅमेरा आणि लायडारनं (लेझरनं अंतर मोजणारा सेन्सर) नकाशाशी पडताळा.

‘गाड्या एकमेकींना पाठवतात त्या संदेशावर डिजिटल सही आहे.’ सहीवरून संदेश कोणी पाठवला ते कळतं. त्यातलं स्थान खरं आहे का, ते नाही. फसलेली गाडी प्रामाणिकपणे खोटं स्थान शेजारच्या गाड्यांना कळवते. घड्याळही जीपीएसवरच असेल, तर सहीची वैध प्रमाणपत्रं मुदत संपलेली वाटू शकतात.

बिघाड शोधताना आधी सी/एन०, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती जोरकस आहे तो आकडा, पाहा. बोगद्यात सिग्नल जाणारच. मोकळ्या आकाशाखाली सगळ्या उपग्रहांचा आकडा एकदम कोसळला, तर जॅमिंगचा संशय घ्या. डोक्यावरच्या आणि क्षितिजालगतच्या उपग्रहांचा आकडा जवळपास सारखाच, झाडांखालूनही जैसे थे? मग स्पूफिंग. पुष्कळदा आधी जॅमिंग करून रिसिव्हरची पकड सोडवतात आणि मग खोटा सिग्नल पुढे करतात. म्हणून सिग्नल परतल्यावर पहिलंच स्थान स्वीकारू नका. मधल्या वेळात चाकं किती फिरली त्याच्याशी ते जुळतंय का, ते बघा.

गॅलिलिओची ओएसएनएमए सेवा जरूर वापरा. ती उपग्रहाचा डेटा अस्सल असल्याची खात्री देते. खरा सिग्नल रेकॉर्ड करून उशिरा सोडणाऱ्याला मात्र ती एकटी रोखू शकत नाही, आणि एका मायक्रोसेकंदाचा उशीर म्हणजे ३०० मीटर.